सूर आधी स्थिर केला, मग हलवला: ॲलन ऑर्गनची गोष्ट

१९७१ सालचा एक ऑर्गन डोळ्यांसमोर आणा. लाकडी मांडणी, हार्मोनियमसारख्या पट्ट्यांच्या दोन ओळी एकावर एक, पायांसाठी खाली लांब लाकडी पट्ट्या आणि समोर स्टॉपचे, म्हणजे आवाजाची जात निवडायचे, खटके. वादक बाकावर बसतो, एक जाड कागदी कार्ड उचलतो आणि ऑर्गनमधल्या एका फटीत सारतो. कार्डावर चौकोनी भोकं पाडलेली. त्या काळी बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत कॉम्प्युटरला माहिती द्यायला जी वापरत, तसलीच. कार्ड आत गेलं की ऑर्गनला एक नवा आवाज मिळतो. मघापर्यंत जो खटका मुका होता, तो आता बासरीसारखा किंवा तुतारीसारखा बोलतो. त्या भोकांमध्ये फक्त आकडे असतात, आणि त्या आकड्यांचा सूर होतो.

हा ऑर्गन अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ॲलन ऑर्गन कंपनीचा. डिजिटल तंत्रावर चालणारं, बाजारात विकत मिळणारं जगातलं पहिलं वाद्य हेच. म्युझिक सीडी यायला अजून ११ वर्षं होती आणि घरोघरी कॉम्प्युटर ही तर फार लांबची गोष्ट होती. डिजिटल वाद्य पहिल्यांदा विकलं गेलं ते स्टुडिओसाठी किंवा रॉक बँडसाठी नव्हे, चर्चमध्ये रविवारची भक्तिगीतं वाजवण्यासाठी. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं, म्हणून ती पहिल्यापासून सांगतो.

मराठी माणसाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं. नांदीच्या वेळी वाजणारा, पायाने भाता मारायचा तो ऑर्गन. तो पेटीच्याच कुळातला. त्यात धातूच्या पातळ पट्ट्या हवेने थरथरतात. चर्चमधला मोठा ऑर्गन वेगळा. त्यात पाइप असतात, म्हणजे खरं तर शेकडो शिट्ट्या. पट्टी दाबली की एका पाइपखालची झडप उघडते, हवा आत शिरते आणि पाइप वाजतो. प्रत्येक सुराला वेगळा पाइप आणि आवाजाच्या प्रत्येक जातीला पाइपांची वेगळी रांग. एका ओळीत ६१ पट्ट्या असतात, तेव्हा एका जातीच्या आवाजाला साधारण ६१ पाइप लागतात. वीस जातींचे आवाज हवे असतील तर हजाराच्या वर पाइप. त्यात खर्जाचे पाइप अजस्र. सर्वांत खालचा षड्ज म्हणावा असा सूर देणारा उघडा पाइप ३२ फुटांचा, म्हणजे तीन मजली घराएवढा. तो सेकंदाला जेमतेम १६ वेळा कंप पावतो. तो कानांना ऐकू येण्याआधी बाकाला आणि छातीला जाणवतो.

मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये असा पाइप ऑर्गन आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी एकदा तरी प्रत्यक्ष ऐकावा. यूट्यूबवर तो निम्मासुद्धा कळत नाही.

असा ऑर्गन म्हणजे इमारतीत बांधलेली दुसरी इमारतच. पैसा लागतो, जागा लागते, लाकूड-चामड्याला दमट हवा आणि उंदीर यांपासून जपावं लागतं, सुरात लावायला माणूस लागतो. मोठ्या कॅथेड्रलला ते परवडतं. गावच्या छोट्या चर्चला परवडत नाही. इलेक्ट्रॉनिक ऑर्गनचा सगळा इतिहास या एका अडचणीतून सुरू होतो.

ॲलनच्या आधी हॅमंडचं नाव घ्यायलाच हवं. लॉरेन्स हॅमंड हा मूळचा विजेवर चालणाऱ्या घड्याळांचा कारखानदार. घड्याळात तो जी मोटर वापरायचा ती विजेच्या प्रवाहाच्या ठेक्याला बांधलेली असल्यामुळे तिचा वेग चुकत नसे. त्याने विचार केला, वेग चुकत नाही तर सूरही चुकणार नाही. मग त्याने त्या मोटरवर दातेरी चकत्या फिरवल्या. प्रत्येक चकतीजवळ एक लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं. दाते पुढून गेले की तारेत विजेची लहर उठते. दात्यांची संख्या बदलली की सूर बदलतो. मोठ्या हॅमंडमध्ये अशा ९१ चकत्या असत. १९३५ मध्ये हा ऑर्गन बाजारात आला आणि चर्चनी तो धडाधड घेतला.

हॅमंडच्या जाहिराती मात्र वाहवत गेल्या. आमच्या वाद्यातून पाइप ऑर्गनचे सगळे सूर आणि आवाजांच्या अगणित छटा निघतात, असं कंपनी म्हणू लागली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारातल्या खोटेपणावर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, यावर खटला चालवला. त्यात शिकागो विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये खरोखरची परीक्षा झाली. तिथला भलामोठा पाइप ऑर्गन आणि हॅमंड आलटून पालटून वाजवायचे आणि श्रोत्यांनी ओळखायचं. श्रोत्यांत जाणकार वादकही होते आणि तेही बऱ्याच वेळा चुकले. तरीसुद्धा १९३८ मध्ये कमिशनने कंपनीला ते दावे थांबवायला सांगितले. मला दोन्ही गोष्टी बरोबर वाटतात. कान फसले हे खरं, आणि दावा अतिरेकी होता हेही खरं.

याच सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउन शहरात जेरोम मार्कोविट्झ नावाचा विशीतला तरुण रेडिओचे सुटे भाग जोडून प्रयोग करत होता. त्याला फिरत्या चकत्या नको होत्या. कुठलाही भाग न हलता, निव्वळ विजेच्या सर्किटमधून सूर काढायचा होता. अशा सर्किटला ऑसिलेटर म्हणतात. ते समजायला झोपाळा आठवावा. झोपाळ्याला स्वतःची एक लय असते. दोरी लांब तर लय संथ, आखूड तर जलद. तारेचं वेटोळं आणि विजेचा साठा करणारा कपॅसिटर एकत्र जोडला की विजेचाही असाच झोपाळा तयार होतो. प्रवाह एकदा इकडे, एकदा तिकडे. त्या काळातली काचेची व्हॅक्यूम ट्यूब त्याला प्रत्येक फेरीला हलकासा रेटा देत राहते, म्हणून तो थांबत नाही. हे झोके स्पीकरला दिले की सूर ऐकू येतो.

अडचण होती ती ट्यूबची. ट्यूब तापते, जुनी होते, विजेचा दाब कमी-जास्त होतो आणि झोक्याची लय सरकते. एकच सूर असता तर चाललं असतं. पण ऑर्गनमध्ये प्रत्येक पट्टीला स्वतंत्र ऑसिलेटर हवा, आणि त्यातला प्रत्येक जण आपापल्या मर्जीने चढू-उतरू लागला तर तासाभरात सगळं वाद्य बेसूर. मार्कोविट्झने १९३७ मध्ये ऑसिलेटर सुरात स्थिर ठेवण्याची रीत शोधली, तिच्यासाठी पेटंट मिळवलं आणि १९३९ मध्ये पहिला ऑर्गन तयार केला. कंपनीला नाव दिलं ते गावाचं. विजेवर सूर काढायचे प्रयोग त्याआधी फ्रान्समध्येही झाले होते, पण कारखाना उभा करून टिकवला तो मार्कोविट्झने. मधे महायुद्ध आलं. १९४५ मध्ये कंपनी रीतसर नोंदली गेली आणि पुढे ॲलनटाउनजवळच्या मकंजी या छोट्या गावात तिचा कारखाना गेला. तो आजही तिथेच आहे.

युद्धानंतर अमेरिकेत शहरांभोवती नव्या वस्त्या वाढत होत्या आणि प्रत्येक वस्तीला चर्च हवं होतं. पाइप ऑर्गनची ऐपत नसलेली ही चर्च म्हणजे ॲलनचं गिऱ्हाईक.

आणि इथे मार्कोविट्झला एक विचित्र गोष्ट भेटली. सूर स्थिर झाला, आणि ऐकताना तो निर्जीव वाटू लागला.

हे आपल्याला तानपुऱ्यावरून चटकन कळेल. जोडाच्या दोन तारा एकाच सुरात लावतात. तरीही त्या तंतोतंत एक नसतात. त्यांच्यात केसभर फरक राहतो आणि त्या फरकातून आवाजाच्या लाटा उठत राहतात. जवारीमुळे, म्हणजे तारेखालच्या घोडीच्या खास घडणीमुळे, प्रत्येक आघातात वेगवेगळे वरचे सूर उमलतात. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची डबी वर्षानुवर्षं वापरलेल्या कुणालाही विचारा. डबी कधी उतरत नाही, प्रवासात फार सोयीची, रोजच्या रियाजाला पुरते. पण तिच्या शेजारी मिरजेचा चांगला तानपुरा लावून बसलं की पहिल्या दोन मिनिटांत डबीचा आवाज भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखा सपाट वाटायला लागतो. मी हे अनेकदा करून पाहिलं आहे. चूक डबीची नाही. सूर तोच असतो, पण प्रत्येक वेळी अगदी तोच असतो.

पाइप ऑर्गनमध्ये हजार पाइप असतात आणि कुठलेही दोन अगदी सारखे नसतात. हवेचा दाब किंचित हलतो. पाइप वाजायला लागताना आधी एक बारीक ‘फ्स्’ असा आवाज येतो आणि मग सूर जमतो. एक पाइप खोलीच्या या कोपऱ्यातून बोलतो, शेजारच्या पट्टीचा पाइप दुसऱ्या कोपऱ्यातून. दहा जण मिळून भजन म्हणतात तेव्हा जो भरलेपणा येतो, तो एकाच माणसाचा आवाज दहापट मोठा करून येत नाही. तसंच हे.

म्हणून मार्कोविट्झने जो सूर कष्टाने स्थिर केला होता, तोच आता हलवायच्या मागे तो लागला. एक उपाय यांत्रिक होता. स्पीकर एका मोठ्या गोल चकतीवर बसवायचे आणि चकती फिरवायची. आवाज जवळ येतो, लांब जातो, भिंतींवर वेगवेगळ्या जागी आपटतो आणि सुरात हालचाल येते. कंपनीने त्याला गायरोफोनिक प्रोजेक्टर असं भारदस्त नाव दिलं होतं. दुसरा उपाय जास्त खर्चिक. एका पट्टीमागे एकाऐवजी दोन, तीन ऑसिलेटर ठेवायचे आणि त्यांच्यात केसभर फरक राहू द्यायचा, जोडाच्या तारांसारखा. चांगला ॲलन ऑर्गन म्हणजे शेकडो ऑसिलेटर, शेकडो जागी तारा डाख लावून जोडणं. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ट्यूब जाऊन ट्रान्झिस्टर आले. उष्णता आणि आकार कमी झाला, पण मोजदाद तीच राहिली. जितका जिवंत आवाज, तितकी जास्त सर्किटं.

आता कॅलिफोर्नियात जाऊ. नॉर्थ अमेरिकन रॉकवेल ही विमानं आणि अवकाशयानं बनवणारी कंपनी. अपोलो मोहिमेत चंद्रवीर ज्यात बसून गेले ते कमांड मॉड्यूल तिने बांधलं. एका चिपवर शेकडो ट्रान्झिस्टर कोरायचं तंत्र तिच्याकडे होतं. १९६९ मध्ये जपानच्या शार्प कंपनीने काढलेल्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरमध्ये तिच्याच चिप होत्या. तिथल्या राल्फ डॉइच या इंजिनिअरने एक कल्पना मांडली. सूर वाजवायचाच कशाला? तो मोजून काढावा.

ही कल्पना सोपी करून सांगतो, कारण आजची बहुतेक डिजिटल वाद्यं तिच्यावरच उभी आहेत. बासरीचा एक सूर घ्या. त्याच्या कंपनाचा एकच झोका कागदावर काढा. वर जाणारी, खाली येणारी एक नागमोडी रेघ मिळेल. आता आलेखाच्या कागदासारख्या उभ्या रेघा मारून तिचे समान तुकडे करा आणि प्रत्येक जागी रेघ किती उंचीवर आहे ते लिहून ठेवा. हाती आली आकड्यांची एक छोटी यादी. ही यादी म्हणजे त्या बासरीची ओळख. यंत्राने ती सेकंदाला ४४० वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि आकड्यांप्रमाणे स्पीकरचा पडदा पुढे-मागे केला, की ४४० कंपनांचा सूर ऐकू येईल. ८८० वेळा वाचली तर वरच्या सप्तकातला तोच सूर. किती वेगाने वाचायचं यावर सूर ठरतो, आणि आकडे कोणते यावर बासरी की तुतारी ते ठरतं. दोन स्टॉप एकदम ओढले तर दोन याद्यांची बेरीज. सुरुवातीला सांगितलेल्या कार्डावर हीच यादी भोकांच्या रूपाने असायची.

दुसरी युक्ती मला याहून सुंदर वाटते. जुन्या ऑर्गनमध्ये प्रत्येक पट्टीमागे स्वतःचं सर्किट, वाजो न वाजो. नव्या यंत्रात एक पहारेकरी होता. चाळीत पोस्टमन जसा एका टोकापासून प्रत्येक दारावर थाप मारत जातो, तसा तो प्रत्येक पट्टीकडे जाऊन ‘दाबली आहे का’ हे बघायचा आणि सगळी चाळ सेकंदात कितीतरी वेळा फिरून यायचा. पट्टी दाबलेली सापडली की सूर काढणाऱ्या मोकळ्या जागांपैकी एक जागा तिला द्यायचा आणि पट्टी सुटली की काढून घ्यायचा. अशा जागा किती हव्यात? बाराच. माणसाला बोटं दहा आणि पाय दोन. शेकडो ऑसिलेटरचं काम बारा जागांवर आलं, आणि ते गणित वादकाच्या शरीरावरून केलेलं.

पण चिप घडवायचा खर्च प्रचंड आणि ॲलन लहान कंपनी. ज्या ऑसिलेटरवर नाव कमावलं तेच मोडीत काढून, हवाई उद्योगातल्या बलाढ्य कंपनीशी करार करून, कुणी कधी न विकलेलं वाद्य विकायचं. मार्कोविट्झने ते केलं. १९७१ मध्ये ॲलन डिजिटल कॉम्प्युटर ऑर्गन बाजारात आला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात इंटेलने आपला पहिला मायक्रोप्रोसेसर जाहीर केला, म्हणजे किती लवकरचं हे धाडस होतं ते बघा. त्या पहिल्या ऑर्गनांपैकी एक आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. पुढे डॉइच रॉकवेलमधून बाहेर पडला, आणि पेटंटवरून ॲलन आणि किम्बॉल या कंपन्यांमध्ये कोर्टकज्जा झाला. तो सगळा इथे सांगत बसत नाही.

आता गंमत बघा. डिजिटल सूर आजवरचा सर्वांत स्थिर सूर होता. यादी तीच, वाचणारं घड्याळ तेच. पन्नास वर्षं वाजवा, कणभर सरकणार नाही. म्हणजे मार्कोविट्झ जिथून निघाला होता तिथेच परत आला, आणि या वेळी अडचण आणखी खोल होती. दोन खऱ्या बासऱ्या एकत्र वाजल्या तर त्या दोनच राहतात, कान त्यांना वेगळं ऐकतो. दोन याद्यांची बेरीज केली तर हाती तिसरी एकच यादी येते. दहा स्टॉप ओढले तरी मिळतो तो एकच आवाज, फक्त जाडजूड. पाइप ऑर्गनचे जाणकार तेव्हा या वाद्यावर नाराज होते ते यासाठी, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं.

उपाय पुन्हा तोच, जोडाच्या तारांचा. मोठ्या ऑर्गनमध्ये एकाऐवजी दोन किंवा जास्त कॉम्प्युटर बसवले आणि त्यांची घड्याळं मुद्दाम किंचित वेगळी ठेवली. पट्टी दाबताच येणारा तो बारीक ‘फ्स्’ वेगळा घातला. पुढच्या पिढ्यांत सूर आपोआप थोडा इकडेतिकडे डोलावा अशी सोय आली. मग मेमरी स्वस्त झाली आणि एका झोक्याची यादी जाऊन खऱ्या पाइपांचे पूर्ण लांबीचे ध्वनिमुद्रण साठवता येऊ लागलं. एकेका पट्टीचा पाइप वेगळा ध्वनिमुद्रित करायचा, त्याच्या सगळ्या खोडींसकट. ज्या खोडी जुना कारागीर रेती आणि कानशीने घालवायचा प्रयत्न करत असेल, त्या आता जपून साठवल्या जातात.

राहिली ती इमारत. दगडी चर्चमध्ये सूर सोडल्यावर काही सेकंद तो वर घुमत राहतो. छपराला फोम लावलेल्या, गालिचा घातलेल्या आधुनिक सभागृहात हे होत नाही. २००० नंतरच्या ॲलन ऑर्गनमध्ये यावरही उत्तर आहे. खऱ्या कॅथेड्रलमध्ये आवाज सोडून त्याचे पडसाद मोजून घ्यायचे आणि ते मोजमाप ऑर्गनच्या प्रत्येक सुरावर गणिताने चढवायचं. म्हणजे पाइपाबरोबर भिंतही आकड्यांत आली.

या धंद्यात ॲलन एकटी नाही. ऑरेगन राज्यात १९५८ मध्ये रॉजर्स कंपनी सुरू झाली, ती पुढे जपानी रोलंडकडे आणि नंतर डच मालकांकडे गेली. नेदरलँड्समध्ये १९६८ पासून योहानस आहे, इटलीत व्हायकाउंट आहे. जेरोम मार्कोविट्झ १९९१ मध्ये वारले. कंपनी पुढे त्यांचे चिरंजीव स्टीव्हन यांनी सांभाळली. एक गोष्ट मला मनापासून आवडते: लाकडी कन्सोलपासून सर्किट बोर्डापर्यंत आणि स्पीकरपर्यंत बहुतेक सगळं ते मकंजीतच बनवतात. सुतारकाम आणि चिपकाम एका छपराखाली.

मग खरं काय आणि नक्कल काय, हा वाद मिटला का? न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरच्या ट्रिनिटी चर्चची हकीकत ऐका. ११ सप्टेंबर २००१ ला जुळे मनोरे कोसळले तेव्हा धुळीचा लोट चर्चमध्ये शिरला आणि तिथला पाइप ऑर्गन निकामी झाला. पाइपात, झडपांत, भात्यात सगळीकडे ती राख. चर्चने २००३ मध्ये मार्शल अँड ओगलट्री या दोघांच्या छोट्या कंपनीकडून डिजिटल ऑर्गन बसवून घेतला. तात्पुरता म्हणून आलेल्या त्या वाद्याने बरीच वर्षं साथ दिली आणि अनेक कठोर कान वळवले. आणि तरीही, पैसे आणि वेळ हाताशी आल्यावर त्या चर्चने पुन्हा पाइपांचा नवा ऑर्गन बांधायला दिला.

ट्रिनिटीकडे ते बळ होतं. ज्यांच्याकडे नाही, अशा चर्चमध्ये ॲलन वाजतो. कंपनीच्या सांगण्यानुसार आजवर असे ८०,००० हून जास्त ऑर्गन तिने बनवले आहेत. त्यांतले सत्तरच्या दशकातले काही आजही चालू आहेत, कार्डाच्या फटीसकट. त्या फटीत कार्ड सारलं की आत भोकं वाचली जातात आणि पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी मोजून लिहिलेला बासरीचा तोच एक झोका पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.